वर्गात फोन आणल्याबद्दल

आमचं घर कासारवाडीत, रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नव्हतं, आणि ते घर भारी आवाजी होतं. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. कागदोपत्री 'कर्णबधिर' आणि गल्लीत 'मुके' अशी ओळख असलेल्या दोन माणसांचं घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शांतता येते. पण शांत राहायला आधी आवाज ऐकू यावा लागतो. आई कपाटाचं दार धाडकन लावायची, तवा ओट्यावर आपटायची, चपला फरफटत चालायची, आणि या सगळ्याचा काही आवाज होतो हे तिच्या गावीही नसायचं. ती हसायची ते पोटातून, मोठ्यानं, मध्येच चिरकत. पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकायचा. पप्पा जेवताना घशातून एक लांब हुंकार काढायचे, जेवण आवडलं की जास्तच लांब. लोणावळ्याकडे जाणारी गाडी धडधडत गेली की मांडणीवरची ताटं थरथरायची. आई भाकरी थापताना ओट्याला टेकलेल्या मनगटावरून ती ओळखायची आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायची. पप्पांची यायची वेळ झाली, असा त्याचा अर्थ.

आईपप्पांचं लग्न लातूरकडच्या एका शाळेतल्या ओळखीतून झालं होतं. मूकबधिरांच्या निवासी शाळेत दोघं शिकले, आणि पप्पांना चाकणला कंपनीत काम मिळाल्यावर इकडे आले. मी त्यांची पहिली मुलगी, आणि ऐकणारी. मला बोलायला कुणी शिकवलं असेल तर शेजारच्या शेवंताकाकूंनी. त्या मूळच्या इथल्याच, कासारवाडी गाव होतं तेव्हापासूनच्या. त्यामुळे मी लहानपणी 'आहे'ला 'हाय' आणि 'हो'ला 'व्हय' म्हणायचे, आणि शाळेत त्यावरून बाई हसायच्या. माझं नाव प्रणाली. पप्पांच्या तोंडून ते 'पाली' असं निघायचं, तेही मध्येच फाटलेल्या आवाजात. गल्लीतली पोरं भिंतीवरची पाल दाखवून मला चिडवायची. एकदा मी रडत विहारात गेले, तर तिथले वंदना घेणारे आजोबा म्हणाले, "वेडी का तू? आपण वंदना म्हणतो ती पाली भाषेतच की. तुझ्या बापानं सगळ्यांत चांगलं नाव ठेवलंय." त्या दिवसापासून पप्पांनी हाक मारली की मी मुद्दाम मोठ्यानं ओ द्यायचे. त्यांना ऐकू जायचं नाही, पोरांना जायचं.

चार वर्षांची असल्यापासून माझ्याकडे कामं होती. कुकरच्या शिट्ट्या मोजून आईला बोटं दाखवायची. दारावर कोण आलंय ते बघायचं. पप्पांनी बेलच्या जागी लाल दिवा बसवला होता, पण वीज गेली की तो दिवा मीच. गॅसवाला, लाइट बिलवाला, घरमालक, किराणावाला, सगळ्यांशी मी बोलायचे. त्यांचे शब्द हातांत घ्यायचे, आईच्या हातांतले तोंडात. पुढे फोनवर माणसं दिसायला लागली तेव्हा हे काम घराबाहेरही करता यायला लागलं. पप्पांनी त्यांचा जुना, काचेला तडा गेलेला फोन मला दिला. आई भाजीबाजारात, बँकेत, कुठेही अडली की व्हिडिओ कॉल करायची, समोरच्या माणसाकडे फोन फिरवायची, मी त्याचं ऐकायचे, मग फोन परत आईकडे, आणि मी हातांनी सांगायचे. समोरचा माणूस आधी गोंधळायचा, नंतर बहुतेक वेळा हसायचा. मला यात ओझं वाटलं का, असं पुढे अनेकांनी विचारलं. खरं सांगायचं तर मिरवावंसं वाटायचं. मोठी माणसं माझ्याशिवाय अडतात, ही गोष्ट त्या वयात गोडच असते.

मी नववीत गेले त्या वर्षी आईला दिवस गेले. माझ्यानंतर इतक्या वर्षांनी. मला मैत्रिणींना सांगायला लाज वाटायची, आणि घरी आले की आनंदानं काय करू नि काय नको असं व्हायचं. आईला डोहाळे लागले ते सगळे तिच्या गावाकडचे. अंबाडीची भाजी, तीही वर लसणाची फोडणी दिलेली. मुरमुऱ्यांचा सुशीला, सकाळ-संध्याकाळ. ज्वारीचे धपाटे आणि त्यावर दह्याची घट्ट कवडी. पप्पा सुट्टीच्या दिवशी पिंपरीच्या मंडईतून अंबाडीच्या जुड्या शोधून आणायचे आणि दारातूनच त्या डोक्यावर धरून नाचत यायचे. शेवंताकाकू म्हणायच्या, "रेखा, आंबट खाती म्हंजी पोरगाच हाय." मी ते आईला सांगितलं की आई दोन्ही हात हलवून नाही म्हणायची. तिला मुलगी हवी होती. तिनं नावाची खूणही ठरवून टाकली होती: हनुवटीवर बोट ठेवून हलकेच फिरवायचं. आमच्याकडे माणसाला आधी खूण मिळते, नाव नंतर.

माझी शाळा नदीपलीकडे, पिंपळे सौदागरला. मोठमोठ्या सोसायट्यांमधली मुलंही तिथेच यायची. आधीच्या वर्षी तिथे एक वाईट प्रकार झाला होता. स्नेहसंमेलनाच्या तयारीत कपडे बदलणाऱ्या एका मुलीचा कुणीतरी फोनवर व्हिडिओ काढला आणि तो सगळीकडे फिरला. ती मुलगी शाळा सोडून गेली. त्यानंतर नवे मुख्याध्यापक आले, निंबाळकर सर. त्यांनी आल्या आल्या नियम केला: शाळेत फोन आणायचा नाही. सापडला तर जप्त, पालकांनी येऊन दंड भरायचा आणि फोन न्यायचा. दुसऱ्यांदा सापडला तर दंड दुप्पट आणि फोन वर्ष संपेपर्यंत शाळेत. मुलं कुरकुरली, पण आम्हा मुलींना मनातून बरं वाटलं होतं. मलाही. माझी अडचण एवढीच होती की माझ्या दप्तरात फोन असायचा, आणि वर्गशिक्षिका शेख मॅडमना तो कशासाठी असतो हे माहीत होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बंद ठेव, आणि अगदीच गरज पडली तर मधल्या सुट्टीत. मी सरांशी बोलते." त्या बोलल्याही. सर म्हणाले, बघू.

आईची तपासणी होती त्या दिवशी मी आधीच सांगून ठेवलं होतं की मधल्या सुट्टीतच कॉल कर. पण दवाखान्यातली रांग मधल्या सुट्टीसाठी थांबत नाही. गणिताच्या तासाला फोन दप्तरात थरथरला. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर पडले आणि जिन्याखाली, जुने बाक रचून ठेवलेले असतात तिथे, फोन खिडकीच्या कठड्याला टेकवून उभा केला. आई टेबलावर आडवी होती, डॉक्टरबाई बाजूला. "आईला सांग, बाळाचे ठोके एकदम छान आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मशीनचा आवाज मोठा केला. घोडा पळावा तसा तो आवाज जिन्याखाली घुमला. मी मूठ छातीशी धरून उघडझाप करत आईला दाखवायला लागले, असं, असं, जोरात. आई माझ्या मुठीकडे बघत होती. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि फोन उचलून घेऊन गेला. निंबाळकर सर. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही, बटण दाबलं आणि फोन खिशात टाकला. मी म्हणाले, "सर, आई आहे." ते म्हणाले, "सगळ्यांची आईच असते."

घरी गेले तेव्हा आई दारातच उभी होती. तिच्या बाजूनं काय झालं असेल याचा विचार मी रस्ताभर करत होते. मुलगी मुठीनं काहीतरी सांगतेय, आणि मध्येच काळोख. ती दुपारभर त्या अर्ध्या वाक्यावर बसून राहिली होती. मी चपला न काढता आधी ते वाक्य पूर्ण केलं. छान आहेत ठोके. जोरात आहेत. तेव्हा कुठे ती भिंतीला टेकली.

दोन दिवसांनी पप्पा सुट्टी टाकून शाळेत आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. ऑफिसात सर टेबलामागे, शेख मॅडम कडेच्या खुर्चीवर, आणि मी पप्पा आणि सरांच्या मध्ये उभी, दोघांना माझे हात आणि तोंड दिसेल अशी. त्यांच्यात भाषांतर करायला दुसरं कुणी नव्हतं. ज्या मुलीविरुद्ध तक्रार, तिनंच ती तक्रार सांगायची होती.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांग, शाळेत फोनला बंदी आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या पालकांना कळवलेलं आहे."

मी सांगितलं. पप्पांनी मान हलवली आणि हात वर घेतले. मी त्यांचं बोलणं मोठ्यानं म्हणाले, "हिच्या आईला दिवस गेलेत. डॉक्टर बोलतात ते आम्हाला कळत नाही. ही सांगते. फोन त्यासाठीच असतो. खेळायला नाही."

सर थांबले. मग मला म्हणाले, "हे ते म्हणतायत, का तू तुझं घालतेस?"

माझे कान तापले. शेख मॅडम म्हणाल्या, "सर, ती तसं करणार नाही. मी ओळखते तिला."

"मॅडम, मी काही दगड नाही," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "मागच्या वर्षी एक मुलगी शाळा सोडून गेली. तिच्या वडिलांसमोर बसून मी शब्द दिलाय, इथे पुन्हा फोन दिसणार नाही म्हणून. आज हिला सूट दिली, तर उद्या पन्नास जण आईचंच नाव सांगतील. कुणाकुणाचं खरं-खोटं करत बसू? नियम सगळ्यांना सारखा."

मी हे सगळं पप्पांना सांगितलं. काही गाळलं नाही. सरांचा माझ्यावर विश्वास नाही, हेही सांगितलं. पप्पा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी जे म्हटलं ते मला अजिबात आवडलं नाही. माझ्या मनात आलं, उलटंच सांगावं, कुणाला कळणार आहे? पण तेव्हा मी त्यांचा आवाज होते, आणि ते जे म्हणाले तेच मी म्हणाले. "बरोबर आहे. आमच्या कंपनीतसुद्धा फोन गेटवर ठेवावा लागतो. सगळ्यांना सारखाच. पुन्हा शाळेत आणणार नाही."

त्यांनी दंड भरला. रक्कम फार मोठी नव्हती, आणि तिचं दुःख आम्हाला कुणालाच कधी झालं नाही. क्लार्क मावशींनी पावती फाडली, तिच्यावर कारण लिहिलं होतं: वर्गात फोन आणल्याबद्दल. पप्पांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि सरांना नमस्कार केला. सरांनीही केला.

त्या संध्याकाळी आईपप्पांचं भांडण झालं. आमच्या घरातलं भांडण म्हणजे हवेत कापणारे हात, ताटाच्या कडेवर आपटणारी बोटं, आणि एकानं तोंड फिरवलं की दुसऱ्यानं खांदा धरून परत वळवणं. आई विचारत होती, मग डॉक्टरकडे कसं? पप्पा म्हणत होते, काकूंना घेऊन जा. लिहून दाखव. आई म्हणाली, मला कुठे सगळं वाचता येतं? शेवटी पप्पांनी माझ्याकडे बोट केलं आणि सावकाश, मलाही नीट दिसेल असं म्हणाले, "ही शिकायला जाते. आपले कान होण्यासाठी जन्मली नाही." फोन फळीवर ठेवला गेला आणि शाळेच्या वेळेत तो तिथेच राहायला लागला. मी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: मला ऐकू येत नाही, मला हात लावून बोलवा. आईनं तो पाकिटात ठेवला.

काही आठवडे सगळं नीट चाललं. शेवंताकाकू आईबरोबर जायच्या, परत आल्या की मला डॉक्टरांचं बोलणं आपल्या पद्धतीनं सांगायच्या आणि मी ते आईला सांगायचे. "काय न्हाई गं, समदं झ्याक हाय. निस्तं वजन वाढव म्हनली." मग एका सकाळी मी शाळेत गेल्यावर आईच्या पोटात कळ आली आणि रक्त जायला लागलं. सातवा महिना संपत आला होता. काकू आदल्या दिवशीच दिघीला लेकीकडे गेल्या होत्या. पप्पांचा फोन कंपनीच्या गेटवरच्या लॉकरमध्ये. आई एकटी रिक्षा करून दवाखान्यात गेली.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही दवाखान्यातल्या आयाबाईकडून, काही आईच्या शेजारी बसलेल्या एका बाईकडून. आईनं खिडकीवर केसपेपर दिला आणि माझा कागदही दिला. आतल्या माणसानं तो वाचला की नाही, माहीत नाही. त्यानं दोन्ही एकत्र ठेवून आत पाठवले आणि आईला बाकाकडे हात केला. आई बसली. आपल्याला येऊन हात लावतील, असं तिला वाटत होतं, कारण तसंच लिहिलं होतं. काही वेळानं आतून हाक आली, "सोनकांबळे! रेखा सोनकांबळे!" मग आणखी एकदा. मग दुसरं नाव. आयाबाईनं मला सांगितलं, "किती वरडले मी, पोरी. मला वाटलं गेली निघून." आई तिच्यासमोरच बसली होती, पोटाशी हात धरून, दाराकडे बघत. तिनं मला कॉल केला. फोन फळीवर आहे हे तिला माहीत होतं, तरी केला. पुन्हा पुन्हा केला. शेजारच्या बाईला वाटलं, हिची घरच्यांशी काही भानगड झालीय म्हणून ही फोन लावतेय. बाकावर रक्त दिसलं तेव्हा ती बाई ओरडली, आणि मग सगळे धावले.

मी दुपारी घरी आले तर दाराला कुलूप. माझ्याकडची किल्ली लावून आत गेले. फळीवरचा फोन उजळलेला होता आणि त्याच्यावर आईचा फोटो, खाली एकाखाली एक सुटलेले कॉल. मी फोन घेऊन गल्लीत धावले, रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव सांगितलं. वॉर्डाच्या दारात एक तरुण डॉक्टर भेटले. म्हणाले, "तू मुलगी का? तुला त्यांची भाषा येते? बरं झालं आलीस. आम्ही सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना कळलंय की नाही, समजत नाही." मग ते खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाळ वाचलं नाही. मुलगी होती. आई ठीक आहे. लवकर आत घेता आलं असतं तर... तरीही नक्की सांगता आलं नसतं. तू सांगशील ना त्यांना?"

आजही लोक मला विचारतात, तुम्ही एवढ्या लहानपणी हे कसं केलंत. मी दुसरं काय करणार होते? पप्पा अजून पोचायचे होते. आई खाटेवर डोळे उघडे ठेवून पडली होती, आणि मी दिसताच तिनं हनुवटीवर बोट ठेवून फिरवलं. भुवया वर. कुठे आहे, असं ती विचारत होती. तिच्या मनगटाला सलाइन लावलेली होती, त्या हातानं तिला नीट बोलताही येत नव्हतं. मी तिच्या समोर उभी राहिले, माझे हात तिला दिसतील अशा उंचीवर घेतले, आणि सांगितलं. आमच्या भाषेत ते सांगायला फार थोडं लागतं. तिनं माझे दोन्ही हात धरून घट्ट दाबून ठेवले, जणू मी पुढे काही बोलू नये. आणि मग ती जे ओरडली, तो आवाज त्या वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकला. फक्त तिनं ऐकला नाही.

आठवड्याभरानं निंबाळकर सर आमच्या घरी आले, शेख मॅडमना बरोबर घेऊन. त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. मी शाळेत गेलेच नव्हते. सर खाली सतरंजीवर बसले. काकूंनी चहा आणला, तो तसाच राहिला. आई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. सर माझ्याकडे बघून बोलायला लागले, "बाळ, वडिलांना सांग की..." तोच पप्पांनी जमिनीवर तळहात आपटला. सर दचकले. पप्पांनी स्वतःच्या छातीकडे बोट केलं, मग डोळ्यांकडे. माझ्याकडे बघून बोला. सर त्यांच्याकडे वळले. त्यांचे ओठ थरथरत होते, त्यामुळे पप्पांना ते वाचता आले नसते, पण सर एकच शब्द म्हणाले आणि हात जोडले. "चुकलं." मी तो सांगायच्या आधीच पप्पांनी मान हलवली.

सर म्हणाले की दंड परत करायचा ठराव त्यांनी मांडलाय. पप्पांनी नको म्हटलं. त्यांनी हातांनी सांगितलं आणि मी बोलले, "नियम त्या शाळा सोडून गेलेल्या मुलीसाठी होता. माझी पण मुलगी शाळेत आहे. नियम ठेवा. पण कुणाचा फोन घेतलात, तर त्यात कोण दिसतंय ते एकदा बघा." सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसत बसले. त्यांच्याबद्दल मला राग होता आणि तो पुढे कित्येक वर्षं राहिला. पण त्या दुपारी आमच्या सतरंजीवर बसलेला तो माणूस वाईट नव्हता, हेही मला तेव्हाच दिसलं, आणि त्यामुळे राग कुठे ठेवायचा ते कळेनासं झालं.

मध्यंतरी माझ्या मुलीच्या शाळेत पालकांची सभा होती. विषय हाच: फोन आणणाऱ्या मुलांकडून दंड घ्यावा का. कुणी म्हणालं, घ्यावाच, त्याशिवाय धाक बसत नाही. कुणी म्हणालं, दंड पालक भरतात, मुलांना काय फरक पडतो. रकमेवर पुष्कळ वाद झाला. एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही काहीच बोलला नाहीत." माझ्याकडे ठाम मत नाही, आजही नाही. मी एवढंच म्हणाले की दंड ठेवला तर पावती फाडायच्या आधी मुलाला 'का आणलास' हे विचारायची सक्ती शिक्षकांवरही ठेवा, आणि उत्तर मिळालं तर ते खरं धरून चाला. एकदा दंड ठरला की विचारायची गरज उरत नाही, हे मी पाहिलंय. सभेतल्या लोकांनी माना डोलावल्या आणि पुन्हा रकमेवर आले.

माझ्या दहावीच्या वर्षी निंबाळकर सरांनी स्वतःच व्यवस्था करून दिली. माझा फोन ऑफिसात, क्लार्क मावशींच्या टेबलावर, चालू ठेवायचा. आईचा कॉल आला की मावशींनी शिपायाला माझ्या वर्गात पाठवायचं, तास कुठलाही असो. आईला मी हे नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं. मी रोज सकाळी फोन मावशींकडे द्यायचे आणि शाळा सुटताना घ्यायचे. शिपाई वर्गाच्या दारात आला की मी बाकावरून अर्धी उठायचे. तो परिपत्रक घेऊन आलेला असायचा, नाहीतर कुणाचा विसरलेला डबा. निरोप समारंभाच्या दिवशी फोन शेवटचा घ्यायला गेले तेव्हा मावशी म्हणाल्या, "रोज माझ्या डोळ्यांसमोर ठेवायचे गं. एकदाही वाजला नाही. आईची तब्येत बरी असते ना?"

बरी नव्हती. त्या वर्षात तिला दोनदा चक्कर आली, एकदा दाढ काढावी लागली, एकदा बँकेत खात्याचा घोळ झाला. सगळ्या ठिकाणी ती एकटी गेली होती. कुठे खाणाखुणा करून निभावलं, कुठे काम न होताच परत आली. मला हे काकूंकडून कळायचं.

त्या दुपारी आई उंबऱ्यापाशी बसून शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "वर्षभर फोन चालू होता. मी लगेच आले असते. एकदाही का केला नाहीस?"

तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. इतका वेळ माझ्याकडे बघत राहिली की मला वाटलं, प्रश्न नीट दिसला नसेल. मग ती बोलायला लागली, अगदी सावकाश, लहान मुलाशी बोलावं तशी.

"मी फोन केला असता, तर तू धावत आली असतीस."

मी म्हटलं, "हो. आलेच असते."

"दर वेळी तू आलीस की मला कळलं असतं," ती म्हणाली, "की त्या दिवशीही आली असतीस."

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. थोड्या वेळानं मीही मूठभर शेंगा घेतल्या आणि तिच्या बाजूला बसून सोलायला लागले.